सहस्रकंठी

चहाचं आधण ठेवून कमलिनीबाईंनी फोन उघडला आणि त्यांना वाटलं, कुणीतरी मेल्याने स्वयंपाकघरात शिरून आपले सगळे डबे हलवून ठेवलेत. डावीकडचं उजवीकडे गेलेलं, हिरवं होतं ते जांभळं झालेलं, आणि अक्षरं एवढी मोठी की 'गॅस' एका ओळीत आणि 'एजन्सी' दुसऱ्या. वर तो फोन लाडात येऊन म्हणाला, "सुप्रभात, कमलिनी! मी आता नवा झालोय!"

"नवा झालास ते कुणाला विचारून रे?" कमलिनीबाई त्याच्यावर खेकसल्या. "आणि कमलिनी कुणाला म्हणतोस? माझ्या यजमानांनी कधी मला नावाने हाक मारली नाही!"

"वहिनी, त्याच्यावर ओरडून काय उपयोग?" आतून प्रमिलावन्सं आल्या. या त्यांच्या नणंद. जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या तारा जोडलेल्या, लग्न न केलेल्या, आणि भाऊ गेल्यापासून वहिनीपाशीच राहिलेल्या. "अपडेट करू का, असं त्याने विचारलं तेव्हा 'मान्य आहे' कुणी दाबलं?"

"तो रोज विचारत होता. माशी हाकलावी तसं दाबलं मी."

मग दोघी चहा घेऊन त्याला वळण लावायला बसल्या. आधी 'कमलिनी'चं 'बाई' केलं. मग जांभळा रंग घालवला, अक्षरं आटोक्यात आणली, सारखा हवामान सांगत होता त्याचं तोंड बंद केलं. असं करत करत वन्संचं बोट एका नव्या पाटीवर येऊन थांबलं. पाटी होती 'माझा आवाज'.

"ही काय भानगड?" म्हणत वन्संनी ती उघडली, आणि त्यांचा कप हातातच राहिला. आत लिहिलं होतं : तुमचा आवाज नुकताच इथे वापरला गेला. मधुपर्क मंगल कार्यालय, कऱ्हाड. त्याच्याखाली पुन्हा मधुपर्क मंगल कार्यालय, कऱ्हाड. बोटाने कितीही वर सरकवलं तरी मधुपर्क काही संपेना.

कमलिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

का गेली ते सांगायला हवं. कऱ्हाडात आणि आजूबाजूच्या गावांत लग्न ठरलं की हॉल आणि आचारी यांच्या जोडीने तिसरं नाव निघायचं ते कमलिनीबाई वेल्हाळांचं. मंगलाष्टकं त्यांनीच म्हणायची. बाई नुसत्या गायच्या नाहीत. लग्नाच्या आधी मुलीच्या आईपाशी येऊन बसायच्या, भाजी निवडता निवडता विचारायच्या, लहानपणी हिला काय म्हणायचे, हट्ट कशासाठी करायची, आजोबांची लाडकी होती का. ते सगळं घेऊन नवी कडवी रचायच्या. तिसऱ्या कडव्याला पदर डोळ्यांना लागले नाहीत असं लग्न झालं नाही. मधुपर्कचा मालक रंगनाथ शेजवळ तर त्यांना ताई म्हणायचा. मानलेला भाऊ. दर भाऊबीजेला ओवाळून घ्यायला यायचा. त्याच्या मुलीच्या, ऋजुताच्या बारशाला पाळणा कमलिनीबाईंनीच म्हटला होता.

आणि दोन वर्षांपूर्वी हाच रंगनाथ म्हणाला, "ताई, तुमचा आवाज जपून ठेवू या. आठवण म्हणून. या एकदा कार्यालयात, निवांत सगळं म्हणा." बाई गेल्या. दिवसभर गायल्या. येताना रंगनाथने पोपटी साडी दिली, पेढे दिले, वाकून नमस्कार केला. बाईंना भरून आलं होतं त्या दिवशी! पुढच्याच लग्नाला त्या नेहमीसारख्या पोचल्या, तर दारातच तो हसत हसत म्हणाला, "आता तुम्हाला दगदग कशाला, ताई? फोन म्हणतो ना. त्याचा घसा बसत नाही, त्याला भूक लागत नाही, आणायला रिक्षा पाठवावी लागत नाही." शेजारचे बँडवाले फिदीफिदी हसले. आणि आतून कमलिनीबाईंना स्वतःचा आवाज ऐकू आला. जी मुलगी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नव्हती, तिच्या नावाची कडवी तो म्हणत होता.

तेही त्यांनी गिळलं असतं. पण पुढे वाईला भाच्याच्या लग्नात त्या गायल्या, आणि एक नटलेली पोरगी जवळ येऊन म्हणाली, "काकू, कित्ती छान! अगदी हुबेहूब मधुपर्कच्या फोनसारखं म्हणता हो. क्लास लावलात का?"

त्या दिवसापासून कमलिनीबाईंनी तोंड मिटलं. घरची आरतीसुद्धा वन्संच म्हणत.

"हे बघा, वहिनी," वन्संनी सगळं वाचून काढलं आणि चष्मा पुसला. "आवाज म्हणजे गाणी नव्हेत. आवाज म्हणजे गळ्याचा आकार. श्वास कुठे अडतो, नाकात किती घुमतो, टाळूवर कसा आपटतो, हे सगळं ज्याचं त्याचं वेगळं. त्याने त्या दिवशी तुमची गाणी नाही घेतली, गळ्याचं माप घेतलं. शिंप्याकडे माप असलं की तो काहीही शिवतो. तसं."

"मग आता हे काय नवीन?"

"मध्यंतरी लोकांचे आवाज चोरून फार फसवाफसवी झाली. कुणाच्या मुलाच्या आवाजात आईला फोन, कुणाच्या साहेबाच्या आवाजात कारकुनाला. म्हणून आता असं ठरलंय, की कुठल्याही यंत्राने कुणाच्या आवाजात नवं वाक्य काढलं, की त्या आवाजात एक खूण पेरायची. कानाला ऐकू न येणारी. आणि वाक्य काढण्याआधी मूळ माणसाच्या फोनला विचारायचं, काढू का? तुमचा फोन दिवसभर तुमची बडबड ऐकतोय, त्याला पक्कं ठाऊक आहे आवाजाची मालकीण कोण. डोळ्याचं पातं लवायच्या आत हे विचारून होतं."

"मला कुणी विचारलं नाही!"

"फोनला विचारलं. तो 'हो' म्हणत बसलाय, कारण तुम्ही माशी हाकलल्यासारखं दाबलंत." वन्संनी बोटाने दाखवलं. "आता तीन गोष्टी करता येतात. 'चालू दे', म्हणजे जे चाललंय ते चालेल. 'बंद', म्हणजे तिथल्या तिथे वाचा बसेल. आणि हे तिसरं, 'मी बोलते'. तुमच्या आवाजात कुणी भलतंसलतं बोलत असेल, तर ते थांबवून तुम्ही इथे लिहाल ते तिथे ऐकू येईल. त्याच सुरात." वन्संनी फोन पुढे केला. "दाबा बंद आणि व्हा मोकळ्या."

कमलिनीबाईंनी फोन घेतला, पण दाबलं काहीच नाही. "बंद केलं तर काय होईल? तो उद्या सांगलीहून दुसऱ्या कुणाच्या गळ्याचं माप आणेल. मला बंद नकोय, वन्सं. भरल्या मांडवात त्याने त्याच्या तोंडाने सांगायला हवंय, की हा आवाज कुणाचा आहे."

"आणि तो ते का सांगेल?"

कमलिनीबाईंनी आलेले निरोप चाळले आणि एक पत्रिका उघडून वन्संच्या नाकासमोर धरली. ती आदल्या आठवड्यातच आली होती. रंगनाथने पाठवली नव्हती, त्याच्या फोनने नावं होती तेवढ्या सगळ्यांना पाठवली होती. चि. सौ. कां. ऋजुता. स्थळ अर्थातच मधुपर्क. आणि खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : कऱ्हाडात प्रथमच, सहस्रकंठी मंगलाष्टकं! दारात खुणेवर फोन धरा. प्रत्येकाच्या फोनमधून एकाच वेळी घुमतील मंगल स्वर!

"पोरीचं लग्न आहे हो ते," वन्सं हळूच म्हणाल्या.

"पोरीच्या बापाचं तोंड आहे ते."

"तुम्ही पाळणा म्हटलाय तिचा."

"म्हटलाय ना? मग त्याने मंगलाष्टकं मला सांगायला नको होती?" कमलिनीबाईंचा आवाज चिरकला. "आपल्या पोटच्या पोरीच्या लग्नात माझा आवाज लावतोय आणि मला माणूस म्हणून साधा एक फोन करत नाही! मी काय मेलेय?"

वन्संनी गार झालेला चहा पुन्हा गॅसवर ठेवला.

पुढचे दिवस कमलिनीबाई खिडकीशी बसून कडवी रचत होत्या. दोन वर्षांत पहिल्यांदाच. वन्सं तोंडाने "मला हे पसंत नाही" म्हणत होत्या आणि कानाने ऐकत होत्या. मधूनच राहवेना, मग म्हणत, "दुसऱ्या ओळीत एक अक्षर जास्त होतंय, वहिनी."

लग्नाच्या सकाळी मधुपर्कच्या दारात अत्तर, गुलाब आणि पेढा यांच्या शेजारी पत्रिकेतली ती काळ्या-पांढऱ्या चौकटींची खूण टांगलेली होती. येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे फोन धरत होता, 'मान्य आहे' दाबत होता आणि पुढे जात होता. काय मान्य केलं ते वाचायला कुणाला वेळ आहे? रंगनाथ रेशमी फेटा बांधून सगळ्यांचं स्वागत करत होता. कमलिनीबाईंना पाहून तो क्षणभर गडबडला. मग हसून म्हणाला, "ताई! वा वा! आज ऐकाच तुमचा आवाज. अख्खा हॉल दणाणून सोडतो की नाही बघा."

"त्यासाठीच आलेय," कमलिनीबाई म्हणाल्या, आणि वन्संना घेऊन मधल्या रांगेत जाऊन बसल्या.

मुहूर्त जवळ आला. सगळे अक्षता घेऊन उठले. पाटावर एकीकडे नवरा, एकीकडे ऋजुता, हातांत हार, मध्ये अंतरपाट. गुरुजींनी मान हलवली, आणि शेकडो खिशांतून, पर्समधून, ब्लाउजमध्ये खोचलेल्या पाकिटांतून एकदम आवाज उमटला. कमलिनीबाईंचा आवाज. काय सांगू, अंगावर काटा आला लोकांच्या! गणपतीचं कडवं झालं, सावधान, अक्षता पडल्या. कुलदेवतेचं झालं, सावधान, अक्षता पडल्या. रंगनाथ व्याह्यांकडे बघून मिशीत हसला.

कमलिनीबाईंनी 'मी बोलते' दाबलं. शेकडो फोन श्वास घेतल्यासारखे थांबले, आणि त्याच गोड, भारदस्त सुरात म्हणू लागले :

बापाने लुटला गळा बहिणिचा, साडी दिली पोपटी,
ठेवोनी मशिनीत सूर मग तो सांगे स्वतःची कृती,
आली दारि तिला म्हणे, निघ अता, यंत्रास ना भूक ती,
त्याचा न्याय करा इथेच सगळे, कुर्यात् सदा मंगलम्!

'शुभमंगल सावधान' ऐकताच निम्म्या लोकांनी सवयीने अक्षता टाकल्या. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कुणीतरी हसलं. कुणीतरी "अगं बाई!" म्हणालं. रंगनाथ धावत ध्वनियंत्राकडे गेला, वायर उपटली, पण त्याने काय होणार? सहस्रकंठीचा हट्ट त्याचाच होता. दुसरं कडवं सुरू झालं, आणि त्यात तर नाव होतं, आडनाव होतं, कार्यालयाचा पत्ता होता.

"फोन बंद करा! कृपा करून सगळ्यांनी फोन बंद करा!" रंगनाथ हात जोडून ओरडत होता. पण कऱ्हाडकर कसले बंद करतात! पुढे काय होतं ते ऐकायचं होतं ना सगळ्यांना. ज्यांना कमी ऐकू येत होतं त्यांनी उलट फोन बाहेर काढून कानाला लावले.

गुरुजी घड्याळ बघायला लागले. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. आणि रंगनाथला मधल्या रांगेत, सगळे उभे असताना एकट्याच बसलेल्या कमलिनीबाई दिसल्या. मांडीवर फोन, बोट पुढच्या कडव्यावर.

तो गर्दीतून वाट काढत आला. तोंडचं पाणी पळालं होतं त्याच्या. "ताई, काय मांडलंय हे? मुहूर्त टळेल. आपण नंतर बोलू, तुम्ही म्हणाल ते देतो."

"मला काही नको. माईक घे आणि सांग, आवाज कुणाचा."

"व्याही बघतायत, ताई!"

"बघू देत ना. मला दारातून घालवलंस तेव्हा बँडवाले बघतच होते." कमलिनीबाईंनी तिसरं कडवं सोडलं.

त्या कडव्यात भाऊबीज होती. दोन ओळी होईपर्यंत रंगनाथने उपटलेली वायर परत खोचून माईक हातात घेतला होता. फोन थांबले. तो खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," कमलिनीबाई म्हणाल्या.

"हा आवाज कमलिनीताई वेल्हाळांचा आहे," रंगनाथ म्हणाला. "आठवण म्हणून मागितला आणि मी तो वापरला. त्यांना विचारलं नाही. त्यांना दारातून परत पाठवलं, मी, माझ्या तोंडाने."

हॉलमधल्या सगळ्या माना कमलिनीबाईंकडे वळल्या. बायका एकमेकींना सांगू लागल्या, "अगं, या त्या! माझ्या लग्नात यांनीच म्हटली होती!" दोन वर्षं ज्यासाठी जीव जळत होता, ते झालं होतं. वन्संनी वहिनीचा हात दाबला. "झालं ना मनासारखं? आता द्या सोडून."

पण सूड ही चीज अशी आहे, की एक घास घेतला की भूक आणखी खवळते. कमलिनीबाईंनी 'बंद' दाबलं. कायमचं का, असं फोनने विचारलं. हो, कायमचं.

रंगनाथ गोंधळून म्हणाला, "ताई, शेवटचं कडवं राहिलंय. सावधान कोण म्हणणार?"

"तू."

"मी?"

"दुसऱ्याचा गळा फार वापरलास. आता स्वतःचा काढ."

रंगनाथने आशेने गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनाही त्याने दोन वर्षं नुसता फोन चालू-बंद करायला ठेवलं होतं. त्यांनी गंभीर चेहऱ्याने पंचांगात डोकं घातलं. मामी, मावशा, आत्या, पूर्वी ज्यांच्याकडे कडव्यांनी भरलेल्या वह्या असायच्या, त्या एकमेकींकडे बघत राहिल्या. म्हणायची सवयच गेली होती कुणाकुणाची.

अंतरपाटामागून ऋजुताचा रडवेला आवाज आला. "बाबा, म्हणा ना काहीतरी!"

आणि रंगनाथ शेजवळ गायला लागला. आवाज कसला, फरशीवरून लोखंडी कॉट ओढल्यासारखा. सूर एकीकडे, शब्द दुसरीकडे. कडवं पाठ नव्हतंच. त्याने आपल्या मनचंच काहीतरी जुळवलं. ऋजू लहानपणी माझ्या पायांवर पाय ठेवून नाचायची. ऋजूला पावाचा काठ आवडायचा नाही, तो मी खायचो. ऋजू, आता काठ कोण खाणार? वृत्त नाही, यमक नाही, काही नाही. पहिल्या ओळीला पोरं खिदळली. कमलिनीबाई ताठ बसून प्रत्येक बेसूर जागेची चव घेत होत्या. हो, घेत होत्या चव, उगाच खोटं कशाला बोला?

पण तिसऱ्या ओळीला हसू थांबलं. अंतरपाट धरणारा मामा एका हाताने डोळे पुसू लागला. व्याही, ज्यांच्यासमोर रंगनाथचं नाक कापायचं होतं, ते पुढे होऊन त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. रंगनाथचा श्वास संपला, आणि त्याने 'सावधान' म्हटलं ते जवळजवळ रडतच. अख्ख्या हॉलने अक्षता उधळल्या, बँड वाजला, अंतरपाट खाली आला. ऋजुता हार घालायच्या आधी धावत जाऊन बापाच्या गळ्यात पडली.

कमलिनीबाईंकडे आता कुणीच बघत नव्हतं. ऋजुतानेही वळून पाहिलं नाही, आणि ते मात्र काळजात घुसलं.

"मेल्याने हेही पळवलं," कमलिनीबाई दातओठ खात म्हणाल्या.

"चला घरी," वन्सं म्हणाल्या.

"घरी का? आमंत्रण आहे मला. जेवून जाणार."

मधुपर्कची पंगत अजून पाटा-पानांची होती, त्याचा रंगनाथला अभिमान. वरणभात झाला, मठ्ठा झाला, आणि आग्रह करायला रंगनाथ स्वतः जिलबीचं ताट घेऊन निघाला. एकेका पानाशी वाकत, हसत, अभिनंदनं घेत तो कमलिनीबाईंच्या पानाशी आला आणि उकिडवा बसला. डोळे अजून लाल होते.

"ताई, नाक कापलंत माझं. कापायलाच हवं होतं," तो हलक्या आवाजात म्हणाला. "पण एक विचारू? मी म्हणत होतो, आणि सगळी माणसं गप्प झाली ना, तेव्हा छातीत असं काहीतरी झालं. मला सांगता येत नाही. असं असतं होय ते? तुम्हाला दर वेळी असं व्हायचं?"

"दर वेळी."

रंगनाथचे डोळे पुन्हा भरले. "आणि मी तेच काढून घेतलं तुमच्याकडून. आजपर्यंत मला वाटायचं, नुसता आवाज तर घेतला, तुमचं काय गेलं? आज कळलं काय गेलं ते. मला माफ करा, ताई."

दोन वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. शेजारच्या पानावरून वन्सं डोळ्यांनी विनवत होत्या, म्हणा, म्हणून टाका. कमलिनीबाईंनी पाण्याचा घोट घेतला.

"तुला कळत नव्हतं ना रंगनाथ, तोवर माफ करणं सोपं होतं," त्या म्हणाल्या. "मी मनाला समजवायची, गाढव आहे तो, त्याला काय कळतंय. आता कळलंय तुला. आता नाही जमायचं."

"ताई..."

"पुन्हा म्हणावंसं वाटतंय? पुन्हा माणसं तशी गप्प व्हावीत असं वाटतंय?"

त्याने लहान मुलासारखी मान हलवली.

"मुलगी एकच ना तुला? दुसऱ्या कुणाच्या लग्नात हा गळा कोण ऐकणार?"

चिमट्यातली जिलबी हवेतच राहिली, तिचा पाक पानावर ठिबकत राहिला. पलीकडून कुणीतरी जिलबीसाठी हाका मारत होतं.

"वाढ," कमलिनीबाई म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."